ॲप उघडत नाहीत, पण फोन करतात

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारी तरुणी कृषी पदवीधर असून एका सामाजिक संस्थेत काम करते. संस्थेनं शेतकऱ्यांसाठी त्यांच्याच भाषेत एक ॲप तयार केलं. हवामान, बाजारभाव, कीड-रोग, खतांचं वेळापत्रक, सगळं त्यात आहे. तिनं गावोगाव शिबिरं घेतली आणि शेकडो जणांच्या फोनमध्ये स्वतः बसून ॲप टाकून दिलं. ती लिहिते: ‘शिबिरात सगळे माना डोलावतात. दोन महिन्यांनी बघावं तर ॲप उघडणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. हेच लोक रात्री तासभर मोबाईलवर व्हिडिओ बघतात. पिकावर कीड दिसली की मात्र मला फोन करतात, आणि ॲपमध्ये जे लिहिलंय तेच विचारतात. एका काकांना मी म्हटलं, ॲपमध्ये बघा ना. तर म्हणाले, “ताई, तुम्ही आहात ना, मग ते कशाला?” इकडे वरिष्ठ दर महिन्याला वापराचे आकडे मागतात. शेतकऱ्यांना बदल नकोच असेल तर मी काय करू? की माझंच शिकवणं कमी पडतंय? हे काम सोडावं असं वाटू लागलंय.’

नमस्कार,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय: कीड दिसली की ते तुम्हाला फोन करतात. थोडं थांबून या वाक्याकडे बघा. अडचण आली, त्याच क्षणी शेतकऱ्यानं खिशातून फोन काढला, माहीतगार माणसाला गाठलं, नेमका प्रश्न विचारला आणि उत्तर मिळवलं. शेतीत माहिती-तंत्रज्ञान आणायचं म्हणजे याहून वेगळं काय हवं होतं? तुमच्या गावांमध्ये ते आलेलं आहे. फक्त ज्या खिडकीतून यावं असं तुमच्या संस्थेला वाटत होतं, तिथून आलेलं नाही, म्हणून ते कुठल्याच आकड्यात धरलं जात नाही.

‘शेतकऱ्यांना बदल नको आहे’ हे गृहीतक फार जुनं आहे आणि ते तपासूनही पाहिलं गेलंय. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १९२८च्या सुमारास संकरित मक्याचं बियाणं आलं. उत्पन्न साध्या बियाण्यापेक्षा साधारण २० टक्के जास्त. तरीही ते जवळजवळ सगळ्यांच्या शेतात पोचायला १९४१ साल उजाडलं. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी तिथल्या शेतकऱ्यांशी बोलून १९४३ साली जे मांडलं, ते आजही या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकानं वाचण्यासारखं आहे. बहुतेकांना बियाण्याची बातमी विक्रेत्यांकडून कळली होती, पण ते पेरायचं असं मनाशी ठरलं ते शेजाऱ्याचं पीक बघून आणि त्याच्याशी बोलून. ज्यांनी घेतलं त्यांनीही आधी लहानशा तुकड्यात लावून बघितलं, मग क्षेत्र वाढवत नेलं. कळणं आणि पटणं यांच्यामध्ये काही वर्षं गेली.

या वागण्याला मी हट्ट म्हणणार नाही. तुमचा सल्ला चुकला तर तुम्हाला वाईट वाटेल. शेतकऱ्याचा हंगाम जाईल, आणि गेलेला हंगाम त्या वर्षी परत मिळत नाही. ज्याच्या पदरात नुकसान पडणार आहे तो माणूस सल्ला देणाऱ्याला आधी पारखून घेणारच.

म्हणूनच काकांचं ‘तुम्ही आहात ना’ हे उत्तर मला फार मोलाचं वाटतं. त्यात आळस नाही. ते सांगताहेत की तुम्हाला उलट विचारता येतं. ‘माझ्याकडे पाणी कमी आहे, तरी हेच करू का?’, ‘मागच्या आठवड्यात एक फवारणी झालीय, आता काय?’ असं ॲपच्या पानाला विचारता येत नाही. सल्ला फसला तर तुम्हाला बांधावर उभं करून जाब विचारता येतो, तसा पानाला विचारता येत नाही. माहितीला पाठीशी उभा राहणारा माणूस हवा असतो, आणि तुमच्या गावांमध्ये तो माणूस तुम्ही आहात. पुढचं सगळं नियोजन या एका गोष्टीवरून करा असं मी म्हणेन.

याला आधारही आहे. बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्रात २००६ साली ‘डिजिटल ग्रीन’ हा प्रकल्प सुरू झाला. आसपासच्याच शेतकऱ्यांना घेऊन साधे व्हिडिओ बनवायचे आणि गावात छोट्या गटाला दाखवायचे, अशी पद्धत. पण नुसते दाखवायचे नाहीत. गावातलीच एक व्यक्ती व्हिडिओ मध्ये मध्ये थांबवून प्रश्न विचारी, शंका घेई, कोण काय करून बघणार आहे ते टिपून ठेवी. कर्नाटकातल्या सुरुवातीच्या चाचणीत, नेहमीच्या कृषी विस्ताराच्या, म्हणजे कर्मचाऱ्यानं गावात येऊन सल्ला देण्याच्या पद्धतीच्या, तुलनेत सांगितलेल्या पद्धती अवलंबणाऱ्यांचं प्रमाण सात पट निघालं. व्हिडिओ तर इंटरनेटवर ढिगानं पडलेले आहेत. फरक पडला तो समोरच्या ओळखीच्या शेतकऱ्यामुळे आणि बाजूला बसून व्हिडिओ थांबवणाऱ्या माणसामुळे.

आता तुमच्या शिकवण्याबद्दल. पत्रात ओझरता उल्लेख आहे की ‘मी स्वतः बसून ॲप टाकून दिलं’. हे मला खटकलं. शिबिरात काय होतं बघा. एक आजोबा फोन पुढे करतात. काचेला तडा गेलाय, मेमरी भरलेली आहे, उन्हात पडदा नीट दिसत नाही. कष्टानं बोटांची टोकं इतकी घासलेली असतात की ठसा लवकर उमटत नाही आणि छोट्या कीबोर्डवर शेजारचंच अक्षर दाबलं जातं. मागे रांग लागलेली असते. मग आपण म्हणतो, ‘द्या इकडे, मी करून देते.’ आपली बोटं भराभर फिरतात, मिनिटभरात काम होतं, आजोबा ‘बरं झालं’ म्हणून फोन खिशात ठेवतात. त्या मिनिटात ते एकच गोष्ट शिकले: हे आपल्याला जमणारं काम नाही.

यापुढे एक पथ्य पाळा. शिकवताना फोन त्यांच्या हातातून घ्यायचा नाही. तुमचे हात पाठीमागे. चूक झाली तर त्यांनीच मागे जायचं, पुन्हा दाबायचं. एका बैठकीत चारच जण शिकले तरी चालतील आणि एकच गोष्ट शिकले तरी चालेल. आवाजी निरोप रेकॉर्ड करून पाठवणं, पानाच्या खालच्या बाजूचा स्पष्ट फोटो काढणं, एवढं ज्याला स्वतःच्या बोटांनी येतं त्याच्यासाठी खूप दारं उघडतात. आणि रात्री व्हिडिओ बघण्याचं म्हणाल, तर तो तुमच्याविरुद्धचा पुरावा नाहीच. ज्यात टाइप करावं लागत नाही, पासवर्ड आठवावा लागत नाही, जे ऐकून-बघून कळतं, ते या लोकांना उत्तम वापरता येतं. तुमचं ॲप मात्र वाचायला लावतं. दिवसभर राबलेल्या आणि वाचनाची सवय सुटलेल्या माणसाला तो अभ्यास वाटतो.

दुसरा प्रश्न मी तुमच्या ॲपलाच विचारीन. त्यातल्या कोणत्या माहितीवर शेतकऱ्याला प्रत्यक्ष काही करता येतं? बाजारभावाचंच घ्या. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाईल सेवा आली, तेव्हा मच्छीमार समुद्रातूनच फोन करून कुठल्या बंदरावर भाव बरा आहे ते विचारू लागले आणि होडी तिकडे वळवू लागले. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञानं २००७ साली दाखवून दिलं की न विकली गेल्यामुळे फेकून द्यावी लागणारी मासळी जवळपास थांबली, मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मासळी ४ टक्के स्वस्त मिळू लागली. याउलट महाराष्ट्रातल्या १०० गावांमध्ये मोबाईलवर बाजारभाव आणि हवामानाचे संदेश पाठवून पाहिले गेले. मार्सेल फाफशां आणि बार्ट मिंटन यांच्या २०१२ सालच्या अभ्यासात शेतकऱ्याला मिळालेल्या भावात सांगण्याजोगा फरक आढळला नाही.

मच्छीमाराला होडी वळवता येत होती, हे मला यातलं मुख्य वाटतं. ज्या शेतकऱ्यानं व्यापाऱ्याकडून उचल घेतलीय, ज्याच्याकडे स्वतःचं वाहन नाही, माल साठवायला जागा नाही, त्याला दूरच्या बाजारातला चढा भाव कळून नुसता त्रास होतो. अशा ठिकाणी भावाची माहिती द्यायचीच असेल तर तिच्याबरोबर चार-पाच जणांनी मिळून गाडी करणं, माल एकत्र नेणं, याची जुळणी हवी. ती करायची ताकद संस्थेत नसेल तर ॲपमधलं ते पान सध्या बाजूला ठेवा. संगणकतज्ज्ञ केंटारो तोयामा यांचं म्हणणं आहे की तंत्रज्ञान माणसांत आधीपासून असलेली क्षमता आणि इच्छा वाढवून देतं, नसलेली निर्माण करत नाही. मला ते या कामात पदोपदी पटतं.

मग तुमच्यापुढे मार्ग कोणते? ॲप तसंच ठेवून शिबिरं वाढवता येतील, पण तुमच्या अनुभवावरून तरी त्यातून माना डोलावण्यापलीकडे काही निघेल असं मला वाटत नाही. ॲप गुंडाळून सरळ व्हॉट्सॲप गट काढता येईल. तो लवकर चालू लागेल आणि तितक्याच लवकर शुभेच्छांच्या चित्रांत आणि कुणीतरी पुढे ढकललेल्या अर्धवट सल्ल्यांत बुडेल. औषधांच्या बाबतीत तर हे धोक्याचं आहे. एकाच्या पिकाला चाललेलं प्रमाण दुसऱ्यानं डोळे झाकून वापरलं तर पीक जाईल, फवारणाऱ्याच्या अंगावरही बेतेल.

मला तिसरा मार्ग बरा वाटतो. ॲप शेतकऱ्यांनी उघडावं हा आग्रह सोडा. ते तुमचं आणि प्रत्येक गावातल्या एक-दोन साथीदारांचं साधन होऊ दे. शेतकऱ्यासमोर एकच फोन नंबर ठेवा. त्यावर बोलून प्रश्न पाठवायचा आणि बोलूनच उत्तर मिळवायचं. गुजरातेत ‘अवाज ओटलो’ ही अशीच सेवा होती. साध्या फोनवरून गुजरातीत प्रश्न रेकॉर्ड करायचा, इतरांचे प्रश्न आणि उत्तरं ऐकायची. वापरणाऱ्यांना त्यात सगळ्यात जास्त ओढ होती ती याच प्रश्नोत्तरांची. पुढे त्याच सेवेवर असंही दिसलं की विचारलं तर लोक म्हणत, आम्हाला शास्त्रज्ञांचा सल्ला हवा, पण पुढची माहिती घ्यायला फोन करत ते दुसऱ्या शेतकऱ्याच्या आवाजातल्या सूचना ऐकून. तेव्हा उत्तर तज्ज्ञाकडून तपासून घ्या, आणि आवाज जमेल तिथे शेतकऱ्याचा असू द्या.

सुरुवात एका पिकापासून आणि एकाच हंगामासाठी करा. आधी काही आठवडे काहीही न सांगता फक्त तुम्हाला येणारे फोन वहीत लिहा. कोण, कधी, काय विचारलं, तुम्ही काय सांगितलं, पुढे काय झालं. ती वही ॲपच्या आराखड्यापेक्षा खरी आहे. तिच्यातले वारंवार येणारे प्रश्न घ्या आणि त्यांची मिनिटभराची बोललेली उत्तरं तयार ठेवा. कीड-रोगाचा प्रश्न आला तर तीन फोटो मागायची सवय लावा: पूर्ण झाड, पानाची खालची बाजू, आणि रोग शेतात कुठे-कुठे पसरलाय ते दाखवणारा लांबून घेतलेला एक. नुसत्या पिवळ्या पानाच्या जवळच्या फोटोवरून अन्नद्रव्याची कमतरता, पाणी साचणं आणि रोग यांतलं काय ते ठरवणं फार अवघड असतं. औषधाचं नाव आणि प्रमाण तज्ज्ञानं पाहिल्याशिवाय पाठवायचं नाही, आणि पाठवताना डब्यावरचं लेबल वाचायला किंवा वाचून घ्यायला सांगायचंच.

उत्तर किती वेळात मिळेल ते आधी सांगा आणि तो शब्द पाळा. माहीत नसेल तर ‘मला माहीत नाही, उद्या संध्याकाळपर्यंत विचारून सांगते’ म्हणा. दिलेला सल्ला चुकीचा ठरला तर त्याच नंबरवरून सगळ्यांना कळवा, काय चुकलं ते सांगा. संस्थांना याची भीती वाटते. पण शेतकरी एकमेकांशी बोलतातच. चूक दुसऱ्याकडून कळली तर तुमचा नंबर कायमचा बंद.

हवामानाच्या बाबतीत हे जास्तच सांभाळा. अंदाज मोठ्या क्षेत्रासाठी असतो आणि पाऊस एका शिवारात पडून शेजारचं कोरडं ठेवू शकतो. ‘उद्या पाऊस आहे’ एवढंच सांगितलं आणि तो आला नाही, तर पुढचे दहा बरोबर अंदाजही कुणी ऐकणार नाही. ‘अशी परिस्थिती दहा वेळा आली तर साधारण सहा वेळा पाऊस होतो, तेव्हा फवारणी एक दिवस पुढे ढकलता येत असेल तर ढकला’ असं सांगा. अनिश्चितता शेतकऱ्याला नवी नाही. जोखमीचा अंदाज घेत तो आयुष्यभर निर्णय घेत आलाय. आपणच ती त्याच्यापासून लपवतो.

आठवड्यातून एकदा एकत्र ऐकण्याची बैठक ठेवता आली तर फार बरं. ही कल्पना अगदी जुनी आहे. कॅनडात १९४१पासून शेतकरी रेडिओभोवती जमून कार्यक्रम ऐकत आणि त्यावर चर्चा करत. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीनं आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून तोच प्रयोग सुमारे १५० गावांत झाला. गावातला गट कार्यक्रम ऐकायचा, बोलायचा, आपले प्रश्न केंद्राला कळवायचा आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांना उत्तरं मिळायची. पॉल नॉयराथ या समाजशास्त्रज्ञानं त्याचं मूल्यमापन केलं. जिथे गट जमत होते तिथे लोकांच्या माहितीत, नुसता रेडिओ असलेल्या गावांच्या तुलनेत, चांगलीच भर पडलेली त्याला दिसली. यंत्र दोन्हीकडे तेच होतं.

बायकांबद्दल तुमच्या पत्रात एक ओळही नाही, म्हणून विचारते. ज्या शेकडो फोनमध्ये ॲप आहे, त्यांतले किती बायकांच्या हातात असतात? खुरपताना, तोडणी करताना पानामागची अळी बहुधा त्यांनाच आधी दिसते. घरातला चांगला फोन मात्र दिवसभर पुरुषाच्या खिशात फिरतो आणि रात्री मुलांकडे जातो. तुमचं शिबिर सकाळी अकराला होत असेल, तर ते त्यांच्या कामाच्या ऐन वेळेत येतं. कधी वेळ आहे ते त्यांनाच विचारा, फोन त्या वेळी लावा, आणि गावातल्या साथीदारांपैकी एक तरी बाई असू द्या. वहिनी, मावशी म्हणून जिला घरात जाऊन बसता येतं, तिच्याकडे असे प्रश्न येतील जे तुमच्या नंबरवर कधीच येणार नाहीत.

आणि लोक बिचकतात त्यालाही कारण आहे. खात्यातले पैसे गेल्याच्या गोष्टी प्रत्येकानं ऐकलेल्या असतात. अनोळखी लिंक, ओटीपी, ‘अनुदान मंजूर झालंय’ असे फोन. तुम्ही ॲप टाकताना आधार क्रमांक, जमिनीचा तपशील, खातं असं काही मागितलं होतं का? मागितलं असेल तर ते कशाला लागतं ते साध्या शब्दांत सांगा, आणि लागत नसेल तर काढून टाका. पुढच्या बैठकीची पहिली पंधरा मिनिटं फसवणूक कशी ओळखायची यालाच द्या. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, तुम्हालासुद्धा नाही, हे तुमच्या तोंडून ऐकलं की विश्वास बसेल.

वरिष्ठांच्या आकड्यांचा प्रश्न उरतो. त्यांना आकडे द्या, पण वेगळे द्या: किती प्रश्न आले, किती वेळात उत्तरं गेली, किती जणांनी सल्ल्याप्रमाणे काही केलं, किती जणांनी पुन्हा विचारलं. अपेक्षाही बेताच्या ठेवायला सांगा. रायसा फाब्रेगास, मायकेल क्रेमर आणि फ्रँक शिलबाख यांनी २०१९ साली आफ्रिका आणि भारतातले असे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा मोबाईलवरच्या सल्ल्यानं उत्पादनात सरासरी ४ टक्के वाढ दिसली. आकडा लहान वाटेल, पण संदेश पाठवण्याचा खर्चही अत्यल्प असतो. शिवाय कमी जमिनीवर पोट असणाऱ्या घराला ४ टक्के दिसतात.

तुम्ही काम सोडायचं की नाही, हे मी ठरवू शकत नाही. एक हंगाम या पद्धतीनं करून मग ठरवा, एवढंच सुचवते. मात्र राहणार असाल तरीही आत्ताच एक गोष्ट सुरू करा. सगळे फोन तुमच्या खासगी नंबरवर येताहेत आणि हे टिकणारं नाही. तुम्ही थकाल, आजारी पडाल, कधीतरी दुसरीकडे जाल. संस्थेकडून वेगळा नंबर मागा. गावातली साथीदार निवडा, पहिले काही आठवडे तिला प्रत्येक फोनवर शेजारी बसवा. मग काकांचा फोन आला की तिलाच बोलू द्या, तुम्ही बाजूला बसून ऐका. तिला त्याचं मानधन मिळायला हवं, हेही वरिष्ठांच्या पुढच्या बैठकीत आकड्यांच्या आधी मांडा.